परीक्षेची फुलं आणणारी बायजाबाई

नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात बायजाबाई गोंडाणे रानभाजी घेऊन बसायची. चिवळ, घोळ, कुंजरा, अंबाडी, तरोटा, ज्या दिवसांत जे उगवेल ते. तिच्याकडून भाजी घ्यायला बराच वेळ लागायचा, कारण गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आत तीच विचारायला लागायची. “तुमच्या माहेरी हिले काय म्हणतेत वं? तिकडं फूल पिवळं येते का पांढरं? बी पेरा लागते का आपोआप निघते?” वस्तीतल्या सिंधी बायका हसायच्या आणि तोडक्यामोडक्या मराठीत आपल्याकडच्या पालेभाज्यांची नावं सांगायच्या. बायजाबाई ती नावं घरी पोचेपर्यंत तोंडात घोळवत राहायची.

१९६६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. एक चष्मेवाला माणूस सायकल टेकवून तिच्या टोपलीपुढे उभा राहिला. भाजीकडे त्याचं लक्षच नव्हतं. भाजी ओली राहावी म्हणून तिने टोपलीच्या तळाशी गोरेवाड्याच्या तलावातलं हिरवं पाणगवत अंथरलं होतं, त्यातली एक काडी ओढून तो डोळ्यांजवळ धरून पाहत होता.

“बाई, हे कुठे मिळालं?”

“हे त कचरा होय जी. भाजी सुकू नाही म्हणून टाकते.”

“मग कचराच द्या मला. आहे तेवढा.”

भाजी सोडून कचरा मागणारं गिऱ्हाईक बायजाबाईला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. तिने गवत पिळून रुमालात बांधून दिलं, पण रुमालाची गाठ काही हातातून सोडेना. “काहून पाहिजे जी तुमाले?”

“मी कॉलेजात शिकवतो. झाड हवा कसं सोडतं, ते मुलांना दाखवायचंय.”

“झाड हवा सोडते?”

“येऊन बघा उद्या,” तो माणूस म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. त्याने ते सहज म्हटलं होतं. बायजाबाई दुसऱ्या दिवशी बाजार आटोपल्यावर कॉलेजचा पत्ता विचारत खरंच गेली.

फाटकातून आत, व्हरांड्यातून शेवटच्या खोलीपर्यंत तिला कोणी अडवलं नाही. खोलीच्या दारात खाकी सदऱ्यातल्या ओमप्रकाशने अडवलं. हा प्रयोगशाळेतला परिचर, म्हणजे सामान मांडणारा, धुणारा, पुसणारा. “अम्मा, सब्जी तिकडं होस्टेलले ने.”

“मी सब्जी विकाले नाही आली. माहं गवत कुठी हाय?”

आतून ते चष्मेवाले हसत बाहेर आले. मधुसूदन देवपुजारी त्यांचं नाव; वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांनी तिला खिडकीशी नेलं. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात तिचं गवत, गवतावर पालथं घातलेलं नरसाळं आणि नरसाळ्यावर काचेची नळी. खिडकीतून ऊन येत होतं. गवताच्या तुटक्या टोकातून मोत्यासारखे बुडबुडे निघत होते आणि एकापाठोपाठ एक वर चढत होते.

सर शिकवायला गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा बायजाबाई तिथेच उकिडवी बसलेली. भांडं मात्र जागेवर नव्हतं. तिने ते उचलून सावलीत ठेवलं होतं. ओमप्रकाश रागाने काहीतरी बोलत होता.

“बाई, भांडं कशाला हलवलंत?”

“पाहून राहिली होती जी. हे उन्हानं होते का पान्यानं. सावलीत ठेवलं त बुडबुडे थांबले. मंग उन्हात ठेवलं, त पुन्हा निंघाले. म्हणून अजून एक डाव सावलीत ठेवून पाहिलं.” मग तिला वाटलं आपलं चुकलंच. “काही फुटलं नाही.”

त्या दिवशी सकाळी देवपुजारी सरांच्या वर्गातल्या चाळीस मुलांनी बुडबुडे वहीत काढून घेतले होते. भांडं सावलीत नेऊन पाहावं असं त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

“पुढच्या आठवड्यात धोत्र्याची फुलं लागतील,” ते म्हणाले. “आणाल?”

अशी ती कॉलेजला झाडं पुरवणारी झाली. तोवर ते काम ओमप्रकाशकडे असायचं आणि तो रुईच्या जागी भलतंच काही घेऊन यायचा. बायजाबाईला अक्षरओळख नव्हती. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर वस्तीत प्रौढांचा वर्ग निघाला, त्यात ती सही शिकली, पण पुढची अक्षरं तिच्या डोळ्यांत थांबली नाहीत. झाड मात्र एकदा पाहिलं की कायमचं लक्षात राहायचं. कोणतं कोणत्या नाल्याकाठी, कोणत्या महिन्यात, सकाळी फुलतं की दुपारी मिटतं, सगळं. टोपली उतरवली की ती लगेच निघून जात नसे. सर फूल चिरून काचेखाली ठेवायचे तेव्हा मुलांच्या मागे उभी राहून पाहायची. मुलं गेली की म्हणायची, “आता मले दाखवा.”

एकदा सरांनी तिच्याच टोपलीतला झेंडू घेतला, एक पाकळी ओढून काढली आणि भिंगाखाली धरली. “नीट बघा. बुडाशी काय दिसतं?”

बायजाबाईने डोळा लावला. पाकळीच्या बुडाशी दोन टोकं फुटलेली बारीक पिवळी काडी होती.

“ही पाकळी नाही,” सर म्हणाले. “हे एक पूर्ण फूल आहे. ही काडी म्हणजे त्याचा मादीकडचा भाग. आपण ज्याला एक झेंडू म्हणतो, ती अशा शंभरेक फुलांची दाट वस्ती आहे.”

ती घरी गेली आणि अंगणातले सगळे झेंडू तिने सुपात सोलून काढले. नवरा देवाजी कापडगिरणीतून आला तो सूप बघून दारातच थबकला. “काय करून राहिली वं?”

“इकडं या. मले सांगा, हे किती फुलं होय?”

“दहा-बारा असतील.”

“हजाराच्या वर हायेत,” बायजाबाई म्हणाली आणि त्याला जवळ बसवून एकेक काडी दाखवायला लागली. देवाजीला भूक लागली होती, पण तोही बसला. दुसऱ्या दिवशी गिरणीत त्याने मागावरच्या जोडीदाराला विचारलं, झेंडू एक फूल असते का अनेक? आणि उत्तर सांगून भाव खाल्ला.

मार्च उजाडला की कॉलेजातली हवा बदलायची. विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा. दुसऱ्या कॉलेजातले परीक्षक आदल्या दिवशी यायचे, उद्या कोणती फुलं द्यायची ते ठरवायचे आणि ओमप्रकाश संध्याकाळी सायकलवरून बायजाबाईकडे येऊन यादी वाचून दाखवायचा. म्हणजे उद्याचा पेपर शहरात तीनच माणसांना माहीत. परीक्षक, ओमप्रकाश आणि भाजीवाली. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या सकाळी एक कंत्राटदार आपल्या पुतण्याला घेऊन तिच्या वाटेवर उभा राहिला.

“बाई, काही देऊ नका, काही सांगू नका. फक्त टोपलीवरचं फडकं बाजूला करा.”

“करा ना,” बायजाबाई म्हणाली आणि टोपली खाली ठेवली.

टोपलीत तीसेक प्रकारची फुलं होती. असं कोणीतरी वाटेत गाठेल म्हणून फुललेलं जे जे दिसलं ते तिने तोडून आणलं होतं. पुतण्या एकदा टोपलीकडे आणि एकदा काकाकडे बघायला लागला.

“यातलं कोणतं येणार?”

“मले काय ठाऊक जी? मी त सारंच आनते.”

ते निघून गेले. युक्ती साधली होती, पण बायजाबाईला चैन पडेना. विहारात दर पौर्णिमेला ती पंचशील म्हणायची आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं होतं. यादी तिने काल कानांनी ऐकली होती आणि आज ठाऊक नाही म्हणाली होती. तिने ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, अहो, चांगल्यासाठीच बोललात. त्याने तिचं समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी ओमप्रकाश यादी घेऊन आला तेव्हा तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“वाचू नको गा. मी सारं आनते, तू तिथं टोपलीतून निवडून घे.”

“अम्मा, वजन तिप्पट होईल.”

“होऊ दे. मले कोनी विचारलं त खरं सांगता आलं पाहिजे.”

त्या वर्षापासून ती खरोखरच सगळं आणायला लागली आणि खरोखरच तिला काही माहीत नसायचं. बाहेरून येणारे परीक्षक हे पाहून चकित व्हायचे. ते आपापल्या गावी परत गेले की तिथल्या कॉलेजात सांगायचे. मग पत्रं यायला लागली. अमक्या कॉलेजला तमकी फुलं मिळत नाहीत, त्या बाईंना पाठवता येईल का? तोवर बायजाबाईने नागपूरबाहेर फक्त माहेर पाहिलं होतं. आता ती ओल्या पोत्यात बांधलेली टोपली घेऊन एस.टी.त बसायला लागली. वर्धा, भंडारा, यवतमाळ, चांदा.

कॉलेज म्हणजे एक मोठी इमारत असते असं तिला वाटायचं. आता दिसलं की प्रत्येक कॉलेज वेगळं. भंडाऱ्याला प्रयोगशाळेच्या खिडकीतून तलाव दिसायचा आणि तिथल्या पोरांना शिंगाड्याची वेल आधीच पाठ. चांद्याला पानांवर कोळशाची काळी भुकटी. पान धुतल्याशिवाय काचेखाली ठेवता यायचं नाही. एका ठिकाणी मायक्रोस्कोप लग्नाच्या दागिन्यांसारखे कपाटात बंद, तर दुसरीकडे एकाच मायक्रोस्कोपपुढे वीस पोरांची रांग. परत आली की ती देवपुजारी सरांना विचारायची, “एवढे कॉलेज, मंग युनिव्हर्सिटी कुठी असते?” सरांनी तिला एकदा नेऊन दाखवलं. जुनी भव्य इमारत, मोठ्या पायऱ्या, आत फायलींचे ढीग. ती सगळीकडे हिंडून आली आणि म्हणाली, “इथं शिकवत त कोनीच नाही.”

“इथून सांगतात, कुठे काय शिकवायचं ते.”

“सगळ्याइले एकच?”

“सगळ्यांना एकच.”

यावर ती बरीच वाट चालून आल्यावर नुसतं “हं” म्हणाली.

१९७४ सालच्या मार्चमध्ये नागभीडच्या पुढच्या एका गावाहून पत्र आलं. नवं कॉलेज, विज्ञानाची पहिलीच तुकडी, सतरा विद्यार्थी. तिथले वनस्पतिशास्त्राचे एकटेच प्राध्यापक तरुण होते आणि घाबरलेले होते. अभ्यासक्रमात नमुन्याची म्हणून जी फुलं नेमली होती, त्यातली पाच-सहा फुलं बंगल्यांच्या बागांमधली, हिवाळ्यात कुंड्यांत लावतात ती. पिटुनिया त्यांतलंच एक. अशी बाग त्या गावात कोणाकडेच नव्हती. सरांनी सिव्हिल लाइन्समधल्या ओळखीच्या बंगल्यांमधून फुलं गोळा केली, बायजाबाईने ती केळीच्या पानांत गुंडाळली आणि सकाळच्या गाडीने निघाली.

भिवापूर सुटलं आणि गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या मिरच्यांचं लालभडक अंगण, वर मार्चचं ऊन. उतारू एका झाडाच्या सावलीत बसले. बायजाबाईने पिण्याचं पाणी पोत्यावर शिंपडलं, मग बाजूच्या म्हातारीचंही मागून शिंपडलं. दुसरी गाडी मिळायला चार तास गेले. गावी पोचून पोतं सोडलं तेव्हा पिटुनियाच्या ओल्या कागदासारख्या चिंध्या झाल्या होत्या.

कॉलेज धानाच्या गिरणीच्या जुन्या शेडमध्ये भरायचं. तरुण प्राध्यापकांनी फुलं पाहिली आणि ते बाकावरच बसले. परीक्षा उद्या नऊ वाजता. परीक्षक वामनराव म्हणून होते, यवतमाळकडच्या कॉलेजातले, कडक म्हणून नाव असलेले.

“पोरांनी हे फूल पाहिलं तरी हाय काय कधी?” बायजाबाईने विचारलं.

“पुस्तकात. काळ्या-पांढऱ्या चित्रात.”

“कोणत्या घराण्याचं म्हनता याले?”

“धोत्रा, वांगं, मिरची, त्यांच्याच कुळातलं.”

पहाटे ती गावाबाहेर निघाली. बायका मोहाची फुलं वेचत होत्या. शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, रस्त्याच्या कडेला, जमिनीला चिकटून पसरलेली काटेरी रिंगणी जिकडेतिकडे फुलली होती. जांभळी फुलं, मध्ये पिवळे दांडे. हाताला काटे बोचत होते, तरी तिने सतरा जणांना पुरून उरतील एवढ्या फांद्या फुला-फळांसकट कापल्या.

वामनराव शेडमध्ये आले, टेबलावर रिंगणी पाहिली आणि भुवया वर गेल्या. “हे काय? मी पिटुनिया लिहिलं होतं.”

तरुण प्राध्यापक गाडीची हकीकत सांगायला लागले. वामनरावांनी हात वर केला. “ते ठीक आहे. पण नेमलेल्या नमुन्यात हे नाही. उद्या कोणी तक्रार केली तर विद्यापीठाला उत्तर मी द्यायचं.”

बायजाबाई भिंतीशी उभी होती. ती पुढे आली. “साहेब, एक विचारू काय?”

“या कोण?”

“फुलं यांनीच आणली.”

“विचारा.”

“हे यादी ज्यानं केली, त्यानं हे गाव पाहिलं हाय काय?”

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती पुढे म्हणाली, “नाही, म्हणजे पाच पाकळ्या एकमेकीले जुळलेल्या, ह्यातही हायेत. आत पाच दांडे, ह्यातही हायेत. फळ आडवं कापलं त वांग्यावानी दोन खण दिसतेत. घरानं त तेच होय ना जी? मंग मानूस बदलला तं काय झालं?”

वामनरावांनी खिशातलं भिंग काढलं. एक फूल उभं चिरलं, एक फळ आडवं कापलं. त्यांना ते ठाऊक होतंच, तरी त्यांनी ते सगळं पुन्हा पाहिलं. मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “वाटा.”

त्या दिवशी शेडमध्ये जे घडलं ते बायजाबाई पुढे अनेकांना सांगायची. फांद्या वाटल्या आणि पोरांच्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. एक पोट्टी तर न राहवून म्हणाली, “ही त आमच्या धुऱ्यावर हाय!” तोंडी परीक्षेत वामनरावांनी तिला फळाबद्दल विचारलं. ती सांगत सुटली. कच्चं असताना हिरवं, वर पांढरे पट्टे, पिकलं की पिवळं, बी वाळवून त्याचा धूर दाढदुखीवर घेतात, तिच्या आजीने घेतला होता. पुस्तकात यातलं निम्मंही नव्हतं. वामनराव प्रश्न विचारायचे थांबले आणि ऐकत राहिले.

चहाच्या वेळी ते स्वतः कप घेऊन बायजाबाईजवळ आले. “तुमचा प्रश्न मी नागपूरला नेणार आहे,” ते म्हणाले. “अभ्यास मंडळात. उत्तर काय येईल, सांगता येत नाही.”

उत्तराला तीन वर्षं लागली. मंडळाच्या बैठकीत, देवपुजारी सर सांगायचे, कोणी म्हणालं की प्रमाण राहणार नाही, कोणी म्हणालं की मग प्रत्येक कॉलेज सोपं तेच निवडेल. वामनराव आणि देवपुजारी सर दोघंच एका बाजूला होते. शेवटी १९७७ च्या नव्या अभ्यासक्रमात नमुन्यांच्या यादीखाली एक ओळ आली. ‘अथवा त्याच कुळातील स्थानिक उपलब्ध वनस्पती.’ ओमप्रकाशने ती ओळ तिला तीनदा वाचून दाखवली. तिने “अथवा” म्हणजे काय ते विचारून घेतलं.

तिला वाटलं होतं, आता सगळीकडे पोरं आपापल्या धुऱ्यावरची फुलं घेऊन बसतील. तसं झालं नाही. बऱ्याच कॉलेजांतून पत्रं येतच राहिली, पिटुनियाच पाठवा म्हणून, कारण गाईडमध्ये उत्तर पिटुनियाचं छापलेलं होतं. बायजाबाईला याचं फार नवल वाटलं. “परवानगी देली तरी घेत नाहीत जी हे,” ती सरांना म्हणाली. पत्र आलं की ती पिटुनिया न्यायची, आणि सोबत त्या गावच्या वाटेवर दिसलेलं एखादं फूल, न सांगता, टेबलाच्या कडेला ठेवून यायची. कोणी विचारलंच तर सांगायची. काही ठिकाणी विचारलंही.

त्र्याऐंशी साली अमरावतीला वेगळं विद्यापीठ निघालं. यवतमाळची पत्रं तिकडे गेली, आणि वामनरावांचं येणंही थांबलं. बायजाबाईचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. त्यातच देवपुजारी सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. जायच्या आधी त्यांना एक काम पुरं करायचं होतं. कॉलेजच्या कपाटांत दाबून वाळवलेल्या झाडांचे नऊशे कागद होते, काही तर पन्नास वर्षांपूर्वीचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिठ्ठी आणि चिठ्ठीवर लॅटिन नाव, जागा, तारीख. ‘स्थानिक नाव’ हा रकाना मात्र जवळजवळ सगळ्यांवर कोरा.

दोन महिने बायजाबाई रोज दुपारी येऊन बसली. ओमप्रकाश कागद उलगडायचा, ती पाहायची, सांगायची, तो लिहायचा. वाळलेलं झाड ओळखणं सोपं नव्हतं. रंग गेलेला, वास गेलेला. कधी एकाच झाडाला ती तीन नावं सांगायची. “उमरेडकडं हे म्हनतेत, सिंधी बायका हे म्हनतेत, माही माय हे म्हने. तिन्ही लिही.” आणि ओळखता आलं नाही की सरळ सांगायची, “नाही ठाऊक.” ओमप्रकाश म्हणायचा, अम्मा, काही तरी लिहून टाकू, कोण बघतं? ती त्याच्याकडे अशी बघायची की तो पेन खाली ठेवायचा.

असा एक कागद निघाला. बारीक पानांचं, जमिनीसरपट झाड, फुलं तांदळाएवढी. चिठ्ठीवर १९३१ आणि ‘मौदा, कन्हान नदीकाठ, वाळूत’. बायजाबाईने कागद उजेडात धरला, फिरवला, नाकाशी नेला. “हे मी कधी पाहिलंच नाही,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. “मौद्याले गाडी किती वाजता असते गा?”

रविवारी दोघं मौद्याला उतरले. एप्रिलमधली कन्हान, पाण्याची एक धार आणि बाकी सगळी वाळू. वाळूत डांगरांचे, म्हणजे टरबूज-खरबुजांचे, वेल लावलेले आणि एक म्हातारी त्यांना मडक्याने पाणी घालत होती. रंभाबाई तिचं नाव. बायजाबाईने पदराखालून कागद काढून तिच्यापुढे धरला.

“हे ओळखता काय वं माय?”

रंभाबाईने डोळे बारीक केले. मग काही न बोलता चार पावलं गेली, वाकली आणि वेलाच्या बुडातून एक झाड मुळासकट उपटून आणलं. तेच ते. हिरवं, ताजं, तांदळाएवढ्या फुलांचं.

बायजाबाईने ते दोन्ही हातांत घेतलं. “याले काय म्हनता तुमी?”

“काही नाही.”

“काही त म्हनत असाल.”

“काहून म्हनू? उपटतो न फेकतो. वेलाची जागा खाते हे.” रंभाबाई हसली. “माही सासूही काही म्हने नाही. तिची सासूही नाही.”

ओमप्रकाशने पेन काढलेलं होतं, ते तसंच हातात राहिलं. “मग आता, अम्मा? कोरं ठेवू?”

बायजाबाईने विचार केला. “कोरं कायले? कोरं ठेवलं त वाटन कोनी विचारलंच नाही. लिही, नाव नाही. डांगरवाडीतून उपटून फेकतेत. सांगितलं कोनी, त मौद्याची रंभाबाई.”

ओमप्रकाशने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. रंभाबाईला आपलं नाव लिहिलं जातंय हे कळलं तशी ती मडकं ठेवून जवळ आली. बायजाबाई तोवर वाळूतच बसली होती. नखाने तिने एक बारीक फूल उकललं आणि पाकळ्या मोजायला सुरुवात केली.

“काय हाय वं त्यात?” रंभाबाईने विचारलं.

“तेच पाहून राहिली,” बायजाबाई म्हणाली आणि तिला बसायला जागा करून दिली. “तुमची नजर चांगली दिसते. चार हायेत का पाच, सांगा बरं.”